अळंबी : माळरानावरचा पावसाळी रानमेवा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील पर्जन्यछायेचे तालुके. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी आज ऊस उभा असला, तरी दूरची मुरमाड माळराने पावसाच्याच भरवशावर आहेत. अशा माळांवर, शेताच्या बांधांवर आणि वारुळांजवळ पावसाळ्यात उगवणारी अळंबी हा ग्रामीण आहारातील जुना रानमेवा होय.

नावे : अळंबी, अळिंबी, भूछत्र ही सर्वपरिचित नावे. विदर्भात सात्या, टेकोडे, तर गोव्यात अळमी म्हणतात. खाण्यास अयोग्य भूछत्राला 'कुत्र्याची छत्री' असे नाव देऊन लोकभाषेने हा भेद जपला आहे.

वारुळाशी नाते : सर्वाधिक चवदार मानली जाणारी अळंबी 'टर्मिटोमायसिस' या प्रजातीची. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये हे नाव दिले. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड वारुळात नेऊन त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी कठीण तंतूंचे विघटन करते व वाळवीला अन्न मिळते. पावसानंतर याच बुरशीची छत्री जमिनीवर येते. त्यामुळे ती बहुधा दरवर्षी ठरावीक जागीच सापडते आणि जाणती माणसे ती जागा सहसा परक्याला सांगत नाहीत. श्रावणात नागपंचमीला वारूळ पुजण्याची आणि त्या दिवशी जमीन न खणण्याची, न नांगरण्याची प्रथाही याच हंगामात येते.

आहार आणि निषेध : माती धुऊन कांदा, लसूण व तिखट घालून केलेली अळंबीची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. मात्र मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर भूछत्रही द्विजांना निषिद्ध ठरविले आहे. चव मांसासारखी म्हणून काही घरांत आजही ती वर्ज्य आहे.

धोका : चांदी किंवा लसूण काळा पडला तर अळंबी विषारी, किडीने खाल्लेली असेल तर निर्धोक, हे समज चुकीचे आहेत. काही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत. घातक प्रकारांत उलट्या-जुलाब सहा तासांहून अधिक उशिरा सुरू होतात आणि पुढे यकृत निकामी होऊ शकते. अनोळखी अळंबी खाऊ नये. त्रास झाल्यास उरलेला नमुना घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

बदलती स्थिती : पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, १९८० मध्ये नैऋत्य भारतातील भूछत्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. धिंगरी अळिंबी गव्हाच्या काडावर घेता येते. वारुळावरच्या अळंबीची व्यापारी लागवड मात्र अद्याप साधलेली नाही. जमिनीचे सपाटीकरण, खोल नांगरट आणि वाळवीनाशक औषधे यांत वारूळ गेले, की त्या जागेची अळंबीही जाते. तिच्यासोबत खाण्याजोगी अळंबी कोणती आणि कुत्र्याची छत्री कोणती, हे ओळखणारी जाणती नजरही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.