वाकडा मोती आणि कवळ्याचे देऊळ

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील लेखाचा आरंभ एका पोर्तुगीज शब्दाने व्हावा, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. ‘बारोको’ म्हणजे वाकडा, ओबडधोबड मोती. सतराव्या शतकातील युरोपीय कलेला याच शब्दावरून पुढे ‘बरोक’ हे नाव मिळाले, आणि तेही प्रथम हेटाळणीच्या सुरात.

ही कला जन्मली ती धर्मकलहातून. ल्यूथरच्या बंडानंतर रोमन चर्चने ट्रेंट येथे धर्मपरिषद भरविली (१५४५–१५६३). चित्रांनी व मूर्तींनी निरक्षर भाविकालाही धर्म शिकवावा, त्याची भक्ती जागवावी, असे तेथे ठरले. पुढे रोममध्ये बेर्निनीसारख्या कलावंतांनी संगमरवराला जणू गती दिली. सोनेरी वेद्या, पिळदार खांब आणि छायाप्रकाशाचा खेळ यांनी मंदिरे नाट्यमय झाली.

पोर्तुगीज सत्तेबरोबर हे वारे गोव्यास आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चचा पाया १५९४ मध्ये घातला गेला व १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. तेथील संत फ्रान्सिस झेवियरची समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडविली असून ती १६९८ मध्ये बसविण्यात आली. इमारत मात्र आपल्या कोकणच्या जांभ्या दगडाची!

परंतु या वैभवाला दुसरी बाजू आहे. याच सत्तेने सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेश येथील देवळे पाडली. भाविकांनी रातोरात देव उचलून, नदी ओलांडून, अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. तेथे देवीचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने उभे राहिले व १७३८ च्या सुमारास पुरे झाले. त्यावर घुमट आहे, कमानदार खिडक्या आहेत, भिंतींत अर्धस्तंभ आहेत. ज्यांनी देव परागंदा केले, त्यांच्याच चर्चमधील हे घाट! मात्र गाभारा, सभामंडप, दीपमाळ, तळी आणि नित्याची पूजा ही सारी आपलीच राहिली. कारागिराच्या हातास जे सुंदर वाटले ते त्याने घेतले; देवीचे स्थान मात्र हलू दिले नाही.

हे देऊळ पुरे झाल्यावर तीनच वर्षांनी, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात आले; १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. आपली कथा गोमंतकीयांच्या कथेहून निराळी आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपणांस कोणी हाकलले नाही. आपले पूर्वज प्रथम आले ते जेत्यांबरोबर, आणि नंतरचे नोकरी-व्यवसायासाठी. या भूमीने मात्र दोघांनाही सामावून घेतले. म्हणून येथील बोली, येथील सण, येथील चव आपल्या घरात आली, यात विटाळ कसला? आपल्या मुलांच्या मराठीत छत्तीसगढीचा हेल आला म्हणून खंत करण्याचे कारण नाही. खंत करावी ती घरात मराठी बोललीच जात नसेल तर. खिडक्या कोणत्याही घाटाच्या असोत. गाभाऱ्यातील दिवा तेवढा तेवत राहिला पाहिजे. मंडळाने पन्नास वर्षे हेच कार्य केले आहे. ते पुढील पिढ्यांच्या हातून अखंड चालो, ही सदिच्छा.