स्वदेशी भांडाराची पाटी आणि कारागिराचे नाव

केळव्याच्या पानवेलीच्या वाड्यांत वाढलेल्या आम्हांस व्यापाराचे एक मर्म बालपणीच उमगले. वाडीतले पान दूरदूरच्या बाजारांत जाते. परंतु ते कोणी लावले व कोणी खुडले, हे खाणाऱ्यास ठाऊक नसते. माल पुढे जातो, नाव मागे राहते. मुंबईच्या एका जुन्या दुकानाचा इतिहास या दृष्टीने आमच्या ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी अवश्य पाहावा.

सन १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. होळी पेटविणे सोपे होते. पण जळालेल्या वस्तूच्या जागी कोणती घ्यावी व ती कोठे मिळावी, हा प्रश्न कठीण होता. त्यास उत्तर म्हणून १९०६ साली 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स' हे भांडार निघाले. लोकमान्य टिळक, सर मनमोहनदास रामजी व रतन टाटा यांचे साहाय्य त्यास लाभले. देशभक्ती आणि हिशेबाची वही यांची सांगड येथे पडली, हे आम्हांस विशेष वाटते.

स्वातंत्र्य मिळाले आणि देशी माल दुकानोदुकानी मिळू लागला. मग स्वदेशी भांडाराचे वेगळेपण ते काय उरले? ते पुढे हस्तकलेच्या वस्तूंत सापडले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भांडाराने 'द बॉम्बे स्टोअर' हे नाव धारण केले आणि मुंबईबाहेरही शाखा काढल्या. आरंभी ग्राहक देशासाठी खरेदी करी. आता तो घराच्या शोभेसाठी व भेट देण्यासाठी करू लागला. 'स्वदेशी' हा शब्द मात्र पाटीवरून गेला.

अशा कलावस्तूंच्या दुकानांतून आज आपल्याच जिल्ह्यातील वारली आकृती पेल्यांवर, पिशव्यांवर व चादरींवर दिसतात. मुळात ही चित्रे लग्नघरी, गेरूने सारविलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढीत. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ती कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. २०१४ साली, म्हणजे पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले.

कायद्याने कलेच्या नावाचे रक्षण केले. कारागिराच्या नावाचे रक्षण ग्राहकाच्याच हाती आहे. येथे आमचाही एक दोष कबूल करणे भाग आहे. चित्रकलेच्या तासास मुलांकडून या आकृती आम्ही वर्षानुवर्षे गिरवून घेतल्या. त्या कोणाच्या भिंतीवरून आल्या, हे सांगावयाचे मात्र राहून गेले. वर्गातील काही मुले त्याच पाड्यांवरून येत होती!

म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढील लग्नसराईत आहेराची वस्तू घेताना दुकानदारास विचारावे, "ही कोणी केली?" दहा जणांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो ते नाव लिहून ठेवील. आपल्या पानाचे नाव राहिले नाही, याची खंत ज्यांस आहे, त्यांनी तरी दुसऱ्याचे नाव पुसू देऊ नये.