द्राक्षबागेचा ट्रॅक्टर : पारख शोरूमबाहेर, बागेच्या ओळीत

सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी असलेले वणी हे दिंडोरी तालुक्यातील द्राक्षपट्ट्याचे एक प्रमुख गाव. या परिसरातील बागायतदाराच्या दृष्टीने छोटा ट्रॅक्टर ही घर बांधण्याखालोखालची मोठी खरेदी. बहुतेकदा ती कर्ज काढून होते आणि एखाद्या अवकाळी पावसाने माल गेला, तरी हप्ता चुकत नाही. असे असूनही अनेक व्यवहार आजही शोरूमच्या फरशीवर उभा असलेला ट्रॅक्टर, माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा आणि शेजाऱ्याचा शब्द एवढ्यावरच पार पडतात.

वास्तविक खरेदीपूर्वी प्रात्यक्षिक, म्हणजेच रूढ भाषेत 'डेमो', मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संभाव्य ग्राहकाला वाहन चालवून दाखविण्यासाठी विक्रेत्यांना व्यापार प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच आहे. प्रश्न असतो तो डेमो कोठे आणि कसा घ्यायचा, हा. मोकळ्या पटांगणात कोणताही नवा ट्रॅक्टर झोकात चालतो.

द्राक्षबागेत पहिली अडचण रुंदीची. दोन ओळींत नऊ फुटांचे अंतर असले, तरी ठिबकच्या नळ्या, 'वाय' पद्धतीच्या अँगलचे पसरलेले हात आणि लोंबणाऱ्या काड्या वजा केल्या, की प्रत्यक्षात मिळणारी वाट बरीच अरुंद होते. ही गरज ओळखूनच कंपन्यांनी अलीकडे लहान यंत्रे आणली. स्वराजने २०२१ मध्ये आणलेल्या 'कोड' या यंत्राची रुंदी अवघी ८९० मिलिमीटर आहे. महिंद्राने २०२३ मध्ये सादर केलेली 'ओजा' मालिकाही हलक्या ट्रॅक्टरांचीच. मात्र माहितीपत्रकात ट्रॅक्टरची रुंदी असते, मागे जोडलेल्या ब्लोअरची किंवा रोटाव्हेटरची नसते. त्यामुळे डेमो स्वतःच्या बागेत, स्वतःच्याच अवजारासह घ्यावा. ओळीच्या टोकाला, मांडव ताणून धरणाऱ्या अँकरच्या तारांपाशी एका दमात वळण बसते की दोनदा मागे-पुढे करावे लागते, हे तेथेच कळते.

दुसरी कसोटी फवारणीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरीच्या भीतीने फवारण्या एकापाठोपाठ एक येतात. पावसाने उघडीप दिली, की हाती काही तासच असतात. येथे थोडे गणित उपयोगी पडते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नऊ फुटी ओळी असतील, तर एकरात ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर चालावे लागते. ताशी चार किलोमीटर वेगाने, वळणे सोडून, त्याला साधारण २२ मिनिटे लागतात. एकरी ४०० लिटर द्रावण द्यायचे असेल, तर नोझलमधून मिनिटाला सुमारे १८ लिटर बाहेर पडले पाहिजे.

डेमोच्या वेळी टाकीत साधे पाणी भरून हेच पडताळता येते. पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवावा आणि शंभर मीटर अंतर नव्वद सेकंदांत कापणारा गिअर मिळतो का, ते पाहावे. गिअर एक तर फार हळू, नाही तर फार वेगवान निघत असेल, तर तो ट्रॅक्टर कितीही दणकट असला तरी फवारणीच्या कामाचा नाही. इंजिनाची अश्वशक्ती आणि पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती यांत फरक असतो. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा पहिला असतो, ब्लोअरला मात्र दुसरी शक्ती लागते.

टाकी पूर्ण भरलेली असावी, ही अट सोडू नये. रिकाम्या टाकीचा डेमो म्हणजे अर्धाच डेमो. डोंगरालगतच्या उताराच्या जमिनीत मागच्या वजनाने पुढची चाके हलकी होतात काय, उतारावर ब्रेक धरतो काय, ओल्या काळ्या मातीत चाक घसरते काय, हे भरल्या टाकीनेच समजते. विक्रेत्याचा माणूस यंत्राला सरावलेला असतो. म्हणून निम्मा वेळ तरी रोज बागेत काम करणाऱ्या चालकाच्या हाती स्टिअरिंग द्यावे. डिझेल मोजण्यासाठी टाकी काठोकाठ भरून तासभर काम करावे आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी. दुपारच्या उन्हात तासाभरानंतर तापमानाचा काटा कोठे आहे, तेही पाहावे. पीटीओ शाफ्टवर संरक्षक आवरण नसेल, तर डेमो तेथेच थांबवावा.

सर्व गोष्टी एका दिवसात तपासता येत नाहीत. त्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे अहवाल आहेत. पीटीओ शक्ती, हायड्रॉलिकची उचल क्षमता, वळणाची त्रिज्या, आवाज, ब्रेक अशा बाबींची मोजमापे त्यांत असतात. ज्या मॉडेलचा व्यवहार ठरतो आहे, त्याचाच अहवाल विक्रेत्याकडे मागावा. अनुदान घ्यायचे असल्यास महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरचे बिल पुढे कामी येत नाही. शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने कोटेशन हाती असेल, तर ते बदलून घ्यावे.

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर डेमोसाठी यंत्र आणि माणूस दोन्ही मोकळे मिळणे कठीण. त्यामुळे पारख आधी उरकावी, मुहूर्त डिलिव्हरीचा साधावा. विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने (मोफत सर्व्हिसिंग, सुटे भाग, बागेवर येऊन दुरुस्ती) कोटेशनवर लिहून घ्यावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर कागदच बोलतो. डिलिव्हरीच्या दिवशी चासी व इंजिन क्रमांक बिलाशी जुळवावेत आणि आवर मीटरवर नजर टाकावी. त्यावर बरेच तास भरलेले दिसले, तर गावोगाव फिरलेला डेमोचाच ट्रॅक्टर नवा म्हणून दिला जात नाही ना, हे सही करण्यापूर्वी विचारावे.