भिंतीवरचा मावळ

गावातल्या चौकात किंवा शाळेच्या कुंपणावर इतिहासाचे चित्र दिसले की आपण त्याला एकाच परंपरेचे मानतो. वास्तविक त्यात दोन परंपरा मिसळलेल्या असतात. भिंत रंगवण्याची परंपरा आपल्याकडे फार प्राचीन आहे. इतिहासातला प्रसंग चित्रात आणण्याची परंपरा, निदान आज गावोगावी दिसते त्या रूपात, दीडशे वर्षांहून फारशी जुनी नाही. मावळातल्या वराळ्यासारख्या इंद्रायणीकाठच्या गावाने आपली भिंत कशी रंगवावी, हा प्रश्न या भेदापासूनच सोडवावा लागतो.

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. १७७९ साली मावळातल्याच वडगावला मराठ्यांपुढे हरून इंग्रजांनी तह पत्करला तेव्हा पुण्याचा कारभार नानांच्या हाती होता. तरीही पेशवाईतल्या अशा वाड्यांच्या भिंतींवर प्रामुख्याने देवदेवता आणि पुराणकथा आहेत. लढाया बखरीत लिहिल्या जात, पोवाड्यात गायल्या जात. पराक्रम ऐकण्याचा विषय होता, भिंतीवर पाहण्याचा नव्हता.

हे बदलले ते छापखान्यामुळे. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली आणि देवांच्या जोडीने मराठेशाहीतले पुरुषही छापील चित्रांत घरोघरी गेले. राजा रविवर्म्यांनी आपला शिळाछाप कारखाना १८९९ च्या सुमारास मुंबईहून मळवलीला आणला. मळवली मावळातलीच. देशभरच्या देव्हाऱ्यांत आणि दिवाणखान्यांत लागलेल्या कितीतरी तसबिरी लोणावळ्याशेजारच्या या लहानशा गावात छापल्या गेल्या, याचा मावळाने अभिमान धरायला हवा. गावची भिंत आजही याच छापील चित्रांची वारसदार आहे. रंगारी हातात छापील चित्र घेतो, त्यावर चौकटी पाडतो, तितक्याच, पण मोठ्या चौकटी भिंतीवर आखतो आणि रेघ वाढवत नेतो.

या रीतीत एक दोष शिरतो. छापील चित्र कुठल्याही घरात लागावे म्हणून काढलेले असते, त्यामुळे त्यात स्थळ नसते. मधोमध अश्वारूढ महाराज, मागे भगवा आणि कुठलाही एक किल्ला. लोहगडाची विंचूकाट्याची लांबलचक सोंड किंवा तिकोन्याचा त्रिकोण मावळातले पोरही लांबून ओळखते. तरी मावळातल्याच भिंतीवर अनोळखी बुरूज उभा राहतो, हे मला खटकते. प्रादेशिक इतिहासाच्या चित्राला माझ्या मते एकच कसोटी लावावी: हे चित्र उचलून दुसऱ्या तालुक्यात नेले तर त्याचा अर्थ उणावतो का? उणावत नसेल, तर तो इतिहास प्रादेशिक नव्हे.

या कसोटीला उतरणारे प्रसंग वराळ्याच्या आसपास भरपूर आहेत. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. पुढे इंग्रज फौज तळेगावला पोचली, तर गाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामे केलेले. दाणा नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी निघाली आणि वडगावला कोंडली गेली. या प्रसंगाचे चित्र काढायचे तर मध्यभागी घोडेस्वार नको. जळणारी घरे आणि डोक्यावर बोचकी घेऊन बाहेर पडलेली माणसे हवीत, कारण विजयाची किंमत त्यांनी मोजली. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांचा प्रसंग आणखी अवघड आहे. १७३१ साली डभईला त्रिंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांशी लढताना मारले गेले आणि पुढे घराण्याचा भार त्यांच्या आई उमाबाईंनी वाहिला. मराठ्यांनीच मराठ्यांशी केलेली ही लढाई भिंतीवर आणायला धाडस लागेल; ते करावे. सुदुंबऱ्याला समाधी असलेले संताजी जगनाडे, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे तेली, यांचे चित्र मात्र कुणालाही सहज पटेल: घाणा, दौत आणि वही. आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, तोही मावळाचा इतिहासच आहे.

उरला टिकाऊपणाचा भाग. अजिंठ्यात माती-भुश्शाच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन, तो वाळल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग लावले. गुहेत पाऊस नसल्याने ते तगले. उघड्या भिंतीला नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू टाळावी. सिमेंटचा गिलावा नवा असेल तर पुरता पिकू द्यावा, नाहीतर त्यातला क्षार रंग खातो. गेरू आणि पिवळी माती यांसारखे खनिज रंग उन्हाला दाद देत नाहीत. झगझगीत गुलाबी-जांभळे आधी विटतात. जमिनीलगतचा दोनेक फुटांचा पट्टा ओल चढून पोपडे धरतो, तिथे चित्र नेऊच नये.

त्या पट्ट्याच्या वर, कोपऱ्यात, प्रसंगाचे साल आणि रंगाऱ्याचे नाव लिहावे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार ज्याने घडवले त्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने आपले आणि बापाचे नाव दगडात कोरवून घेतले होते. ते आजही तिथे आहे.