चित्रा झडप, रक्तपिशवी आणि मधली वर्षे

वैद्यकीय उपकरणांचा स्वतःचा उद्योग काढण्याची इच्छा बाळगणाऱ्या जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिरुवनंतपुरमचा एक जुना अध्याय अवश्य अभ्यासावा.

१९७० च्या दशकात घशाच्या साध्या संसर्गातून उद्भवणारा ऱ्हुमॅटिक ताप असंख्य गरीब मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी करत होता. कृत्रिम झडपा परदेशातून येत आणि त्यांची किंमत या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची होती. शल्यचिकित्सक एम. एस. वलियाथन यांनी श्री चित्रा तिरुनाल संस्थेची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांनी रुग्णालयाच्या जोडीला अभियंत्यांचा स्वतंत्र विभाग उभा केला. पूजप्पुरा येथील जुन्या राजवाड्यात तो भरला. शल्यचिकित्सक आणि धातुतज्ज्ञ एकाच संस्थेचे नोकर असावेत, ही कल्पना त्या काळच्या भारतात विलक्षणच म्हणावी लागेल.

जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलत्या तबकडीची झडप निवडली. धातूच्या चौकटीत एक गोल तबकडी. रक्ताचा दाब आला की ती कलून वाट देते, दाब उलटला की मिटते. सांगायला इतके सोपे. परंतु हृदय मिनिटाला सत्तर ठोके देते असे धरले, तर वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा ही उघडझाप होते, आणि दहा वर्षांत ३७ कोटी वेळा. एवढ्या फेऱ्यांत कोणता पदार्थ झिजतो आणि कोणता तडकतो, याचे उत्तर प्रयोगाखेरीज मिळत नाही.

ते उत्तर तीनदा प्रतिकूल आले. पहिल्या प्रतिकृतीत आधारदांडी वेल्डिंगच्या जागी तुटली. दुसरीत सांधाच नको म्हणून टायटॅनियमची चौकट अखंड कोरली आणि तबकडी कृत्रिम नीलमण्याची घेतली. त्या कठीण तबकडीने टायटॅनियमच झिजवून टाकले. तिसरीत चौकटीसाठी हेन्स-२५ हा कोबाल्ट-क्रोमियमचा चिवट मिश्रधातू आला, तेव्हा एका मेंढीच्या हृदयात नीलमण्याची तबकडीच फुटली. चौथ्या वेळी कठीणपणाचा आग्रह सुटला. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची, तुलनेने मऊ तबकडी त्याच मिश्रधातूच्या चौकटीत बसवली गेली. ती स्वतःभोवती फिरत राहते, त्यामुळे झीज एका जागी साचत नाही. आवाजही कमी होतो, आणि छातीतली टिकटिक अहोरात्र ऐकणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसवली गेली. पुढे जानेवारी १९९५ पर्यंत सहा रुग्णालयांत ३०६ रुग्णांवर तिची चाचणी झाली. उत्पादनाची जबाबदारी टीटीके समूहाने घेतली. प्रेशर कुकरसाठी घराघरांत ठाऊक असलेल्या समूहाने हृदयाच्या झडपेत पैसा घालावा, हे धाडस संशोधकांच्या चिकाटीइतकेच मोलाचे होते. आजवर अशा एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

तीन अपयशे पचवणे खाजगी नवउद्योगाला शक्य झाले असते का? बहुधा नाही. तिसऱ्या प्रतिकृतीनंतर कोणत्याही गुंतवणूकदाराने हात आखडता घेतला असता. ती मधली वर्षे सार्वजनिक पैशाने निभावली.

त्याच संस्थेची दुसरी निर्मिती सभासमारंभांत फारशी आठवली जात नाही, पण उद्योजकतेचा धडा तिच्यात अधिक आहे. त्या काळी भारतात रक्त काचेच्या बाटल्यांत साठवले जाई. बाटली फुटे, जंतुसंसर्गाचे भय राही, आणि रक्ताचे घटक वेगळे करणे अवघड होई. प्लास्टिकच्या रक्तपिशवीचे तंत्र संस्थेत सिद्ध झाले, तरी कारखाना कोण काढणार हा प्रश्न होताच. मणिपूरमध्ये सनदी अधिकारी असलेल्या सी. बालगोपाल यांनी १९८३ मध्ये राजीनामा दिला आणि पेनपोल ही कंपनी उभारली. प्रयोगशाळेत शंभर पिशव्या उत्तम करणे निराळे आणि लाखोंपैकी एकीलाही सुईच्या टोकाएवढे छिद्र न राहू देणे निराळे. हे दुसरे काम कारखान्याच्या फरशीवरच शिकावे लागते, आणि तोवर बँकेचे हप्ते थांबत नाहीत. १९९९ मध्ये जपानची तेरुमो कंपनी भागीदार झाली आणि पेनपोलची तेरुमो पेनपोल झाली. पिशव्या तिरुवनंतपुरममध्येच बनत राहिल्या.