पाड्यांवरची लस: नाशिकचे डोंगरी तालुके, देवी ते इन्फ्लुएन्झा

नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी भागात पोहोचलेली पहिली लस देवीची. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गायीच्या देवीचा द्रव टोचून माणसाचे रक्षण होते हे दाखवले. तो द्रव व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा टप्प्याटप्प्याने मुंबईस आला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आला. भारतातली ही पहिली यशस्वी लस. नाशिक त्या वेळी पेशव्यांच्या मुलखात होते. १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले आणि १८२७ पासून मुंबई इलाख्यात लसीकरणाची जी व्यवस्था उभी राहिली तिच्या कक्षेत आले. दवाखान्यात बसून रोग्यांची वाट न पाहता लस टोचणाऱ्यांनीच गावोगाव फिरायचे, त्यांच्यावर अधीक्षकाने देखरेख ठेवायची आणि टोचलेल्या मुलांची फेरतपासणी करायची, अशी ही पद्धत होती. पुढच्या दीडशे वर्षांत पाड्यांवर जे काही आरोग्य पोहोचले, ते बहुतेक याच रीतीने, पायी पोहोचले.

देशावरची गावे या फिरतीला सोपी होती. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी आणि कळवणचा डोंगराळ भाग मात्र वेगळा. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर, भिल्ल यांची वस्ती एका गावठाणात नसते. मैल-दोन मैलांच्या अंतराने विखुरलेल्या पाड्यांतून असते. पावसाळ्यात नद्या-ओहोळ भरले की चार महिने वाट बंद. शिवाय राज्यकारभारही एकसारखा नव्हता. पेठ हे १८७८ पर्यंत संस्थान होते, आणि सुरगाणा तर स्वातंत्र्यानंतर विलीन झाले.

सुरुवातीची लस टिकवण्याचे साधन माणसाचा दंड हेच होते. आठवड्यापूर्वी टोचलेल्या मुलाच्या फोडातून द्रव काढायचा आणि तो दुसऱ्या मुलाला द्यायचा. त्यासाठी ते मूल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावे लागे. आईबाप नाखूश असत, आणि त्यांची नाखुशी समजण्यासारखी होती: मूल तापाने फणफणलेले, त्याचा फोड पुन्हा उकरायचा, आणि तोही परक्यांच्या पोरांसाठी. उन्हाळ्यात द्रवाचा गुण जाई, म्हणून लसीकरणाचा हंगाम हिवाळा ठरला. पुढे वासरावर लस वाढवण्याची रीत आली, विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावच्या संस्थेत लस तयार होऊ लागली आणि दंडावरून दंडावरची पद्धत मागे पडली. हिवाळ्याचा हंगाम मात्र कायम राहिला.

देवी येणे हे घराघरांत देवीचेच येणे मानले जाई. रोग्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवत, घरात फोडणी बंद, मांस-मच्छी बंद, परक्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवत. पाड्यावर भगताला विचारल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नसे. या रिवाजांना केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. परक्याला उंबऱ्याबाहेर ठेवणे हे विलगीकरणच होते, आणि रोग्याला थंड व शांत जागी ठेवण्यात काही चूक नव्हती. लस टोचणाऱ्याला गाव ‘देवी डॉक्टर’ म्हणे. पाटलाशी आणि भगताशी बोलून घेणारा देवी डॉक्टर काम करून परते. शिपायांच्या जोरावर येणाऱ्याला पाडा रिकामा मिळे, बायका पोरे घेऊन रानात गेलेल्या असत.

सरकारी उपायांविषयीचे हे भय १८९६ नंतरच्या प्लेगने आणखी खोल केले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नाशिकजवळच्या भगूर गावीही प्लेग पोहोचला. सावरकर बंधूंचे वडील १८९९ मध्ये त्यातच गेले. घरझडती, सक्तीचे स्थलांतर, सामान जाळणे यांमुळे सरकारी माणूस दिसला की दार लावायचे, ही सवय लागली. लस त्या सवयीत नाहक भरडली गेली.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. लोक त्याला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले आणि तेथून ताप शहरात पसरला. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये उठलेली दुसरी लाट प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. नाशिक जिल्हा साथीच्या वाटेवरच होता. मुंबईहून निघणारा लोहमार्ग इगतपुरीवरून नाशिक रोड आणि मनमाडकडे जातो, देवळालीला महायुद्धात येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांची मोठी छावणी होती. साथीला याहून सोयीचा रस्ता मिळणे कठीण.

त्यातच त्या वर्षी पाऊस हुकला. धान्य महागले, चारा संपला, अर्धपोटी शरीरांना न्यूमोनियाने गाठले. वीस ते चाळीस वयाचे कर्ते लोक अधिक मेले आणि पुरुषांपेक्षा बायका अधिक, कारण आजाऱ्याची शुश्रूषा आणि घरकाम दोन्ही त्यांच्यावर होते. मुंबई इलाख्यात या तापाने हजारी पन्नासहून अधिक माणसे गेली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीच्या पुढे, आणि काही अंदाजांनुसार पावणेदोन कोटींच्या आसपास. १९११ च्या जनगणनेत नऊ लाखांवर असलेली नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या १९२१ मध्ये साडेआठ लाखांच्या आत आली. डॉक्टर थोडे, त्यांतलेही कित्येक युद्धावर. डोंगरातल्या पाड्यावर जाणार कोण?

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच घडत होते. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या बर्फातल्या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत ८० प्रौढांपैकी ७२ गेले. लॅब्राडॉरमधील ओकाक गावात २६३ पैकी २०४ माणसे दगावली. दूर असणे हे संरक्षण नव्हते. ताप टपालवाल्याबरोबर, जहाजाबरोबर, मजुराबरोबर येई, आणि आला की पाणी द्यायलाही कुणी उभे राहू शकत नसे. ब्रेव्हिगच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या देहांतून मिळालेल्या ऊतींचा आधार घेऊनच २००५ मध्ये त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना उलगडली.

१९१८ मध्ये उपयोगी लस नव्हती, कारण शत्रूच ओळखलेला नव्हता. फायफरने १८९२ मध्ये वर्णन केलेला जिवाणू हेच कारण असे बहुतेकांना वाटे. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्ये १९३३ साली वेगळा करण्यात आला आणि त्यावरची लस अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली. भारताच्या खेड्यांना तिचा पत्ता पुढची कित्येक दशके लागला नाही. १९५७ ची आशियाई फ्लूची साथ सिंगापूरहून जहाजाने मद्रासला उतरली आणि देशभर फिरली, तेव्हाही हीच स्थिती होती.

देवीचे मात्र उलट झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. उष्णतेत न बिघडणारी गोठवून सुकवलेली लस आणि दुतोंडी सुई आल्यावर लस टोचणाऱ्याला ऋतूची भीती उरली नाही. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. देवी एकदा टोचली की वर्षानुवर्षे पुरे. विषाणूचे रूप बदलत नव्हते आणि रोगी तोंडावरूनच ओळखू येई. इन्फ्लुएन्झात यातले काहीच नाही. विषाणू दर वर्षी रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील घटक सुचवते आणि लस दर वर्षी घ्यावी लागते. पडसे आणि फ्लू यांतला फरक पाड्यावर सहज कळतही नाही.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. ऑगस्टच्या आरंभी भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि त्याच महिन्यात नाशिकमध्येही मृत्यू झाले. पुढच्या वर्षी स्वदेशी लसी बाजारात आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस त्यांपैकी एक. २०१५ पासून महाराष्ट्र सरकारने गर्भवती स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी फ्लूची टोचायची लस मोफत ठेवली. गर्भवतीला दिलेली लस बाळालाही उपयोगी पडते, कारण सहा महिन्यांखालील बाळाला ती टोचता येत नाही. आईकडून मिळालेले संरक्षण हाच त्याचा आधार. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीच्या साथीत राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या भागांत नाशिक होते.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या दिवसांत असतो, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये टोचायला हवी. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि सुरगाण्याच्या पाड्यावर ती न्यायची तर बर्फाच्या पेटीसह, वैशाखाच्या उन्हात. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली उतरतात. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी चालते, तेव्हा हे मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत असतात. पहिल्या पावसाच्या सुमारास ते घरी परततात, आणि मग ओल्या घरांत सगळे एकत्र, शेजारी-शेजारी राहतात. देवीचा हिवाळी फेरा पाड्यांच्या आयुष्याशी निदान अर्धा तरी जुळत होता. फ्लूचे वेळापत्रक मात्र त्याला छेद देते.

रस्ता आज ठाऊक आहे. पाड्यातलीच आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातली आरोग्यसेविका, भगताशी आणि पोलीस पाटलाशी आधी झालेले बोलणे: पोलिओच्या मोहिमांनी मालेगावच्या गल्ल्यांत हीच रीत वापरली. २०१० मध्ये मालेगावात पोलिओ आढळला होता. घरोघरी फिरून आणि स्थानिक मौलवींना सोबत घेऊन ती कोंडी फोडण्यात आली, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. इन्फ्लुएन्झाची लस मात्र राष्ट्रीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात अजून नाही. ती पाड्यांवर नेण्याआधी आरोग्य खात्याने एप्रिलमध्ये द्राक्षबागांच्या बांधावर न्यावी, कारण ज्या कुटुंबांना तिची गरज आहे ती त्या महिन्यात तिथेच भेटतील.