गुणोत्तरीय बैजिक राशी
(शालेय गणित, विशेष संदर्भ : गडचिरोली व चंद्रपूर जिल्हे)

अंश आणि छेद या दोन्ही जागी बहुपदी असलेली राशी. अ आणि ब या बहुपदी असतील आणि ब शून्य नसेल, तर अ/ब ही गुणोत्तरीय बैजिक राशी होय. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार हे अंकगणितातील अपूर्णांकांप्रमाणेच होतात. नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकांत चलांसाठी रोमन अक्षरे असतात. या नोंदीत क्ष, य, म ही अक्षरे घेतली आहेत.

अभ्यासक्रमातील स्थान : महाराष्ट्र राज्याच्या अभ्यासक्रमात या विषयाला स्वतंत्र प्रकरण नाही. आठवीच्या ‘बैजिक राशींचे अवयव’ या प्रकरणाच्या शेवटी तो येतो. नववीत ‘गुणोत्तर व प्रमाण’ आणि दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे व वर्गसमीकरणे यांत तो पुन्हा लागतो, पण तिथे तो येतोच असे गृहीत धरलेले असते. गडचिरोली व चंद्रपूरचे विद्यार्थी नागपूर विभागीय मंडळाची दहावीची परीक्षा देतात. तीत बीजगणित ‘गणित भाग १’ या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत येते. आठवीत हा भाग घाईत उरकला गेला, तर त्याची वाण दहावीत जाणवते. प्रकरणाच्या शेवटी असल्याने तो बहुधा घाईतच उरकला जातो.

सरळ रूप देणे : प्रथम अंश व छेद यांचे अवयव पाडायचे, मग समान अवयवाने दोन्हींना भागायचे. वर्गात याला ‘काट देणे’ म्हणतात आणि मुले ‘उडवणे’ म्हणतात. एक उदाहरण पाहू.

(म² − ७म + १२)/(म² − ९) ÷ (म − ४)/(म + ३)

भागाकाराचा गुणाकार करून अवयव पाडले, की (म − ३)(म − ४)/[(म − ३)(म + ३)] × (म + ३)/(म − ४) असे रूप मिळते. अंशातील प्रत्येक अवयवाला छेदात जोडीदार आहे. सर्वांना काट दिली, की कागदावर काहीच उरत नाही, आणि पुष्कळ विद्यार्थी उत्तर ० लिहितात. उत्तर १ आहे. अवयव पुसला जात नाही, त्याला त्यानेच भागले जाते आणि भागाकार १ येतो. ही समजूत पक्की नसेल तर पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. (क्ष + ५)/५ मधील ५ ला काट देऊन क्ष लिहिणे ही त्यांपैकी सर्वांत चिवट चूक. इथे ५ हे अंशातील पद आहे, अवयव नाही.

वरील उत्तराला एक अट जोडावी लागते : म ची किंमत ३, −३ किंवा ४ असून चालत नाही. यांतील ३ व −३ या किमतींना पहिला छेद शून्य होतो. ४ ही किंमत मात्र भाजकाच्या अंशातून येते, म्हणून तीच सर्वाधिक सुटते. छेद शून्य नसावा हा नियम मुलांना पाठ असतो. उत्तराशेजारी वर्ज्य किमती लिहिण्याची सवय मात्र फार थोड्या वर्गांत लावली जाते. ती सर्वत्र लावली पाहिजे.

शून्य छेदाचा पूर्वेतिहास : ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे मानले. भास्कराचार्यांनी (दुसरे) ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला ‘खहर’ म्हटले आणि तीत काही मिळवले किंवा तीतून वजा केले तरी ती बदलत नाही असे सांगितले. *लीलावती*त (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, गुणाकारात त्याचेच अर्ध मिळवले, बेरजेला ३ ने गुणले, शून्याने भागले आणि ६३ आले, तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर १४. पुढे क्रिया बाकी असेपर्यंत शून्य हा गुणक तसाच ठेवावा आणि शेवटी समान शून्याने भागावे, अशी त्यांची रीत. आजच्या नियमाने ही काट चालत नाही. काही अभ्यासक तीत सीमेच्या कल्पनेचे बीज पाहतात, काहींना ते मान्य नाही.

गडचिरोली-चंद्रपूर : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, तालुके १२. भामरागड व एटापल्लीत घरची बोली माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी व मुलचेऱ्यातील निर्वासित वसाहतींत बंगाली, इतरत्र गोंडी व झाडीबोली. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची (स्थापना १९७३) आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर या प्रकल्प कार्यालयांकडे आहेत.

अवयव, छेद, लसावि हे शब्द मराठी घरातल्या मुलालाही शाळेतच भेटतात, त्यामुळे निव्वळ चिन्हांच्या उदाहरणांत माडिया बोलणारे मूल मागे पडण्याचे कारण नाही. अडते ते शाब्दिक उदाहरणांत, आणि तिथे परिसरातील मजकूर उपयोगी पडतो. तेंदूपत्त्याचा पुडा ७० पानांचा आणि प्रमाण गोणी १,००० पुड्यांची. एक कुटुंब गोणीभर पुडे ६ दिवसांत बांधते, दुसरे १२ दिवसांत. दोघांचे मिळून एका दिवसाचे काम १/६ + १/१२ = १/४, म्हणजे ४ दिवस. अंशात अंश व छेदात छेद मिळवणारा विद्यार्थी २/१८, म्हणजे ९ दिवस काढतो. एकट्या पहिल्या कुटुंबाला ६ दिवस पुरतात, मग दोघांना ९ कसे, हे तेंदूच्या हंगामात पुडे बांधलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. १/क्ष + १/य = २/(क्ष + य) ही चूक मोडण्यास याहून चांगले उदाहरण या भागात मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण नदीचे. इंद्रावतीच्या प्रवाहाचा वेग ताशी २ किमी धरू. डोंगा १२ किमी प्रवाहाविरुद्ध जाऊन परत येतो. एकूण वेळ ८ तास. संथ पाण्यातील वेग क्ष असल्यास

१२/(क्ष − २) + १२/(क्ष + २) = ८

म्हणजे २४क्ष = ८(क्ष² − ४), म्हणजेच क्ष² − ३क्ष − ४ = ०; क्ष = ४ किंवा −१. वेग ऋण नसतो, म्हणून ४. जाताना ६ तास, येताना २. इथे क्ष = २ ही किंमत का वर्ज्य आहे हे दिसते : डोंग्याचा वेग प्रवाहाइतकाच असेल तर तो जागचा हलणार नाही आणि १२ किमीला लागणारा वेळच सांगता येणार नाही.

इतर चुका : वजाबाकीत दुसऱ्या अंशाला कंस न दिल्याने चिन्ह चुकणे, राशीला समीकरण समजून लसाविने गुणून छेद घालवणे.

आंशिक अपूर्णांक : दहावीपर्यंत नाहीत, बारावी विज्ञान शाखेत समाकलनाच्या ओघात येतात.